अकराला बारा

ब्रनो शहरात, पेत्रोवच्या टेकडीवर,
रोज अकरा वाजता बाराचे ठोके पडतात.
स्वीडनच्या फौजेचा वेढा होता तेव्हा
कुणीतरी तासभर आधीच घंटा ओढली, असं सांगतात.
बारापर्यंत शहर पडलं नाही तर वेढा उठवायचा,
असा म्हणे सेनापतीचा शब्द होता.
त्याने शब्द पाळला.
आम्ही चूक पाळली. पावणेचारशे वर्षं झाली.

त्या घंटेखाली बसून मी
दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करते.

घड्याळं म्हणजे तशी घड्याळं नव्हेत.
ओलोमोउत्सकडच्या एका डेअरीचं जुनं यंत्र,
दूध किती वेळ तापलं ते लिहून ठेवणारं,
कधीच भंगारात गेलं. प्रोग्राम तेवढा उरला.
त्याला आम्ही एका खोट्या यंत्रात ठेवलंय:
खोटा प्रोसेसर, खोटी मेमरी, खोटा टायमर.
त्याला वाटतं, साल अजून सत्त्याऐंशीच आहे
आणि सेकंदाच्या दर शंभराव्या हिश्शाला
कुणीतरी आपल्याला टिचकी मारतंय.
टिचकी मी मारते.
म्हणजे, वेळेवर मारायला हवी.

तासाला सात सेकंद मागे.
डेअरीच्या ह्लादिकोवाबाईंनी फोनवर हे सांगितलं
नळ गळतोय म्हणून सांगावं तसं.
सात सेकंद गेल्याचं दुःख नव्हतंच त्यांना,
काळ सोकावतो, एवढंच.

तीन रात्री गेल्या.
दिवसा सर्व्हर गजबजलेला, तेव्हा नऊ सेकंद.
पहाटे तीनला सगळं निजलेलं, तेव्हा दोन.
नोंदी छापायला लावल्या, तर अकरा:
मोजायला गेलं की आणखी उशीर.
ओताकार म्हणाला, चुकलेल्या टिचक्या साठवू
आणि एकदम परत करू.
केल्या. यंत्र दचकून धावत सुटलं,
एका श्वासात चाळीस टिचक्या,
दूध तापायच्या आत निवलं.
कागदावर.

चौथ्या रात्री आई आठवली.
एकतीस वर्षं तिने शालिना चालवली.
शालिनाच. ट्राम म्हणणारा माणूस
आमच्याकडे बाहेरगावचा ठरतो.
शेवटच्या थांब्यावर चार मिनिटं उशिरा पोचली
तरी सहा मिनिटांची विश्रांती
ती पोचल्यापासून मोजायची नाही.
पाटीवर पाच बारा लिहिलंय ना? मग पाच बारा.
कॉफी अर्धी टाकून द्यायची.
"झालेला उशीर पुढच्या फेरीच्या गळ्यात बांधला
तर डेपोत शिरेपर्यंत उजाडेल."
मी थांब्यावरच्या बाकावर दप्तर घेऊन बसलेली.
मला राग यायचा.
त्या टाकलेल्या कॉफीत माझी चार मिनिटं होती.

कोड उघडला. ओळ चारशे सतरा.
आमचा टायमर जागा झाला की विचारायचा,
आत्ता किती वाजले?
आणि तिथून पुढचे दहा मिलिसेकंद मोजायचा.
वीस मायक्रोसेकंद उशिरा उठला
तर तेवढा उशीर पोटात घालून पुढे चालायचा.
तासाला तीन लाख साठ हजार वेळा
पोटात घालायचा.
इतकं मोठं मन. नुसती वेळ मारून नेणं.

मी "आत्ता" खोडलं.
तिथे लिहिलं: उठायला हवं होतं, तेव्हापासून.

दुसऱ्या दिवशी आलेख सपाट.
जवळजवळ. दिवसाला सव्वा सेकंद राहिलाच, मागे.
सकाळभर त्याच्यामागे लागले,
आणि तो सापडला जुन्या यंत्राच्या माहितीपुस्तकात,
पान एकशे नऊ, कुणाच्या तरी पेन्सिलीच्या खुणेशेजारी:
भागाकार पुरा जात नव्हता,
म्हणून वरचा आकडा धरला आहे.
म्हणजे खरं यंत्रही मागे पडायचं.
डेअरीतलं कुणीतरी, बहुधा सोमवारी,
हात पुसून ते पुढे सारत असणार.

ओताकारने विचारलं, हाही काढून टाकू?
बाहेर बाराचे ठोके सुरू झाले होते.
मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. अकरा.

नको, म्हटलं. हा त्यांचा आहे.